वादळांतील समुद्राचें माप



भूगोलाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, वादळांत समुद्र पंधरा फूट चढला असें पुस्तकांत लिहिलें आहे. पण त्या वेळीं तेथें पट्टी घेऊन कोण उभें होतें?" सारा वर्ग हंसला. मला मात्र तो प्रश्न फार आवडला. ज्या वादळांत घरांचीं छपरें उडून जातात, पूल मोडतात व धडधाकट माणसालाहि दारांत उभें राहवत नाहीं, त्या वादळांत समुद्राची उंची फुटांत व इंचांत कशी कळते? आणि ती कळून उपयोग तरी काय? ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मीं त्या दिवशीं वर्गांत थोडक्यांत दिलीं. तींच येथें जरा विस्तारानें सांगतों.

हें मापन अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मेक्सिकोच्या आखाताच्या व अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर, फार बारकाईनें केलें जातें. म्हणून आजची हकीकतहि तेथलीच आहे. तेथील मोठ्या वादळांस हरिकेन म्हणतात. आपल्या बंगालच्या उपसागरांत ज्याला सायक्लोन व चीन-जपानकडे ज्याला टायफून म्हणतात, त्याच जातीचें हें वादळ. नांवें निराळीं, पण जात एकच.

हरिकेन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सोसाट्याचा वारा येतो. परंतु १९६३ ते २०१२ ह्या पन्नास वर्षांत त्या देशांत अशा वादळांनीं जे प्राण घेतले, त्यांचा हिशेब शास्त्रज्ञांनीं मांडला, तेव्हां असें दिसून आलें कीं जवळजवळ निम्मे मृत्यु वाऱ्यानें नव्हेत, तर वादळानें किनाऱ्यावर लोटलेल्या समुद्राच्या पाण्यानें झाले होते. ह्या लोटलेल्या पाण्याच्या चढास आपण ह्या लेखापुरतें 'वादळी उधाण' असें नांव देऊं.

गॅल्व्हेस्टनची रात्र

टेक्सास संस्थानांतील गॅल्व्हेस्टन हें शहर एका लांबट, वाळूच्या बेटावर वसलेलें आहे. इ. स. १९०० सालीं तेथें सुमारें ३७ हजार लोक राहत असत. व्यापार भरभराटींत होता. परंतु शहरांतील सर्वांत उंच जागाहि समुद्रसपाटीपासून नऊ फुटांपेक्षां कमीच होती. त्याच किनाऱ्यावरील इंडियानोला हें बंदर १८७५ व १८८६ ह्या सालांतील दोन वादळांनीं उद्ध्वस्त केलें होतें. तें पाहून गॅल्व्हेस्टनला समुद्राच्या बाजूनें भिंत बांधावी अशी बोलणीं झालीं. पण दिवस गेले तशी भीतिहि गेली व भिंत बोलण्यांतच राहिली.

तेथील सरकारी हवामानखात्याचे अधिकारी आयझॅक क्लाइन हे विद्वान व कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. त्यांनींहि १८९१ सालीं स्थानिक वर्तमानपत्रांत लेख लिहून असें मत दिलें कीं, वादळानें ह्या शहराचा मोठा घात होईल ही समजूत निराधार आहे. विद्वान माणसाचें मत. तें लोकांस पटलें व सोयीचेंहि वाटलें.

१९०० सालच्या सप्टेंबरांत क्यूबा बेटावरून एक वादळ गेलें. तेथील अनुभवी वेधकर्त्यांस तें पश्चिमेकडे टेक्सासच्या रोखानें जाईल असें वाटत होतें. अमेरिकन खात्यास तें फ्लोरिडाकडे वळेल असें वाटत होतें. शिवाय क्यूबांतून येणाऱ्या हरिकेनविषयक तारांवर त्या खात्यानें त्याच सुमारास निर्बंध घातले होते. ता. ८ सप्टेंबरच्या सकाळीं क्लाइन किनाऱ्यावर गेले, तेव्हां त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता, आणि तरीहि पाणी चढत होतें. ही गोष्ट त्यांनीं तारेनें वरिष्ठांस कळविली. परंतु आतां फार उशीर झाला होता. त्या रात्रीं समुद्र पंधरा फुटांहून अधिक चढला व सारें बेट पाण्याखालीं गेलें. सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं असें सामान्यतः मानितात; कांहींच्या मतें ही संख्या बारा हजारांपर्यंत जाते. किनाऱ्यावरील एका अनाथाश्रमांत दहा भगिनी व ९३ मुलें होतीं. त्या भगिनींनीं कपडे वाळत घालण्याच्या दोरीनें मुलांना आपल्या कमरेशीं बांधून घेतलें होतें. त्यांपैकीं फक्त तीन मुलगे वांचले. क्लाइन यांच्या स्वतःच्या घरांत सुमारें पन्नास माणसांनीं आश्रय घेतला होता. तें घर कोसळलें आणि त्यांत क्लाइन यांची पत्नी बुडून मरण पावली.

ह्यापुढची गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. क्लाइन यांची पुढें न्यू ऑर्लिन्सला नेमणूक झाली. तेथें त्यांनीं आखाताच्या किनाऱ्यावर निरनिराळ्या वादळांत कोठें, केव्हां व किती पाणी चढलें ह्याच्या नोंदी वर्षानुवर्षें गोळा केल्या, आणि १९२० सालीं एक निबंध व १९२६ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वादळाच्या मार्गाच्या उजव्या अंगास, त्याच्या पुढच्या बाजूला, पाणी सर्वांत अधिक चढतें, असें त्यांनीं त्या नोंदींवरून दाखवून दिलें. ज्या समुद्राविषयीं त्यांनीं पूर्वीं नुसतें मत दिलें होतें, तोच समुद्र मोजण्यांत त्यांनीं पुढील आयुष्य वेंचलें.

पाणी कां चढतें?

घरीं एक मोठी परात घ्या, तींत बोटभर पाणी घाला, आणि एका कडेला तोंड नेऊन जोरानें व सतत फुंकर घाला. समोरच्या कडेशीं पाणी किंचित् चढलेलें दिसेल. वादळाचा वारा समुद्राला हेंच करितो. मात्र त्याची परात शेंकडों मैल रुंद असते व फुंकर तासचे तास चालते. उत्तर गोलार्धांत वादळाचे वारे घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरतात. त्यामुळें वादळाच्या उजव्या अंगाचा वारा पाण्याला सरळ जमिनीवर लोटतो. क्लाइन यांना आढळलेल्या नियमाचें मर्म हेंच.

दुसरें कारण हवेच्या दाबाचें. वादळाच्या मध्यभागीं हवेचा दाब कमी असतो. म्हणून तेथील पाणी वर उचललें जातें. हिशेब सोपा आहे: दाब एक मिलिबार उतरला कीं समुद्र सुमारें एक सेंटिमीटर चढतो. २००५ सालचें कट्रिना नांवाचें हरिकेन किनाऱ्याला लागलें, तेव्हां त्याच्या मध्यभागींचा दाब ९२० मिलिबार होता. नेहमींचा दाब सुमारें १०१३. म्हणजे ह्या कारणानें पाणी चढलें ९३ सेंटिमीटर, सुमारें तीन फूट. परंतु प्रत्यक्षांत कांहीं ठिकाणीं त्याची खूण सत्तावीस फुटांवर सांपडली! तेव्हां मुख्य काम वाऱ्याचें व किनाऱ्याच्या घडणीचें हें उघड आहे.

किनाऱ्याची घडण म्हणजे काय? जेथें समुद्र एकदम खोल होतो, तेथें लोटलेलें पाणी खालून परत जाऊं शकतें. जेथें तो दूरपर्यंत उथळ असतो, तेथें पाण्याला परत जाण्यास वाट मिळत नाहीं, व तें जमिनीवर चढत जातें. उथळ समुद्र आपलें रक्षण करील अशी पुष्कळांची समजूत असते; वास्तविक तीच मोठ्या धोक्याची जागा होय.

ह्यांत भरती-ओहोटीची भर पडते. ता. २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं सँडी नांवाच्या वादळाचें उधाण न्यूयॉर्कच्या दक्षिण टोंकाला, बॅटरी येथें, नऊ फुटांहून अधिक होतें. तें नेमकें भरतीच्या वेळीं आलें. त्यामुळें पाणी नेहमींच्या ओहोटीच्या पातळीपासून सुमारें चौदा फूट चढलें आणि भुयारी आगगाड्यांच्या बोगद्यांत शिरलें. तेंच सहा तास अलीकडे किंवा पलीकडे येतें, तर शहराची हानि पुष्कळ कमी झाली असती.

आठवण म्हणजे माप नव्हे

वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनचे पांच वर्ग पाडलेले आहेत. १९६९ सालीं कॅमिल नांवाचें पांचव्या वर्गाचें हरिकेन मिसिसिपी संस्थानाच्या किनाऱ्यावर आदळलें. जीं घरें त्यांतून वांचलीं, त्यांचे मालक पुढें अभिमानानें म्हणत, "कॅमिलचें पाणी येथवर आलें नाहीं, तर दुसऱ्या कोणाचें येणार?" २००५ च्या ऑगस्टांत कट्रिना त्याच किनाऱ्यावर आलें, तें केवळ तिसऱ्या वर्गाचें होऊन. पुष्कळांनीं जुन्या आठवणीवर भरंवसा ठेवून घर सोडलें नाहीं. परंतु कट्रिनाचा विस्तार कॅमिलपेक्षां फार मोठा होता. त्यानें विस्तीर्ण पाणी लोटीत आणलें व पास क्रिश्चन गांवीं २७.८ फूट उंचीवर आपली खूण ठेवली. त्या वादळांत एकंदर तेराशेंहून अधिक लोक प्राणांस मुकले. २००८ सालीं गॅल्व्हेस्टनला आलेलें आइक हें हरिकेन तर दुसऱ्याच वर्गाचें होतें. तरी शेजारच्या बॉलिव्हर द्वीपकल्पावर त्यानें पंधरा ते वीस फूट पाणी आणलें. ह्या अनुभवांनंतर त्या देशाच्या हवामानखात्यानें हे पांच वर्ग फक्त वाऱ्याचे असें ठरविलें, व पाण्याची सूचना स्वतंत्रपणें द्यावयास सुरुवात केली.

मापाचीं साधनें

आतां आपण त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. पट्टी घेऊन कोण उभें असतें?

पहिला पहारेकरी म्हणजे बंदरांतील भरतीमापक यंत्र. जुन्या पद्धतींत एका उभ्या नळकांड्यांत तरंगता गोळा असे. नळकांड्याला तळाशीं लहानसें भोंक असल्यामुळें लाटांची खळबळ आंत येत नसे, पण पाण्याची खरी पातळी आंतहि तीच राही. गोळा वर-खालीं होई, आणि त्याला जोडलेली पेन्सिल फिरत्या कागदावर रेघ काढी. सॅन फ्रान्सिस्को येथें १८५४ सालापासून अशा नोंदी आहेत. आपल्या मुंबईस अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. आतां अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं पाण्याच्या वर टांगलेलें रडारयंत्र खालीं लहरी सोडतें व त्या परत येण्यास किती वेळ लागला ह्यावरून पाण्याचें अंतर काढतें. दर सहा मिनिटांची नोंद कृत्रिम उपग्रहाच्या द्वारें कचेरींत पोंचते.

परंतु असे पहारेकरी थोडे, व एकमेकांपासून फार दूर. उधाण तर दर मैलाला निराळें असतें. शिवाय अगदीं निकडीच्या वेळीं हेच पहारेकरी धारातीर्थीं पडतात. कट्रिनामध्यें कित्येक भरतीमापकें पाणी शिखरास पोंचण्यापूर्वींच बंद पडलीं. म्हणून त्याच वर्षीं, महिन्याभरानें रीटा नांवाचें हरिकेन येऊं लागलें, तेव्हां अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यानें एक नवा प्रयोग केला. वादळ येण्यापूर्वीं त्याचीं माणसें लुइझियानाच्या नैर्ऋत्य भागांत हिंडलीं, आणि पुलांचे खांब, धक्क्यांचे सोट वगैरे ३३ जागीं त्यांनीं लहान लहान दाबमापकें घट्ट आवळून ठेविलीं. मग तीं माणसें परत फिरलीं. वादळ आलें, गेलें. पाणी ओसरल्यावर तीं यंत्रें काढून आणलीं, व प्रत्येकानें आंत सांठवलेली हकीकत सांगितली.

हें यंत्र दिसण्यांत अगदीं साधें असतें: धातूच्या नळींत ठेवलेलें एक दाबमापक. त्याच्यावर जितकें पाणी चढेल, तितका दाब वाढतो. समुद्राच्या पाण्याचा एक सेंटिमीटर थर म्हणजे सुमारें एक मिलिबार दाब. परंतु पाण्याच्या माथ्यावर हवाहि असते, आणि वादळांत हवेचा दाब सारखा बदलत असतो. म्हणून जवळच, पाणी पोंचणार नाहीं अशा उंचीवर, केवळ हवेचा दाब मोजणारें दुसरें यंत्र लावतात. एकाच्या आकड्यांतून दुसऱ्याचा आकडा वजा केला कीं निव्वळ पाणी उरतें. तुमच्या पाटीवरची वजाबाकी ती हीच! नव्या यंत्रांपैकीं कांहीं तर सेकंदाला अनेक वेळां नोंद करितात. त्यामुळें संथ चढणारें पाणी किती व त्याच्यावर नाचणाऱ्या लाटा किती, हेंहि वेगळें काढतां येतें. सँडीच्या वेळीं व्हर्जिनियापासून मेनपर्यंत २२४ ठिकाणीं अशीं यंत्रें लावलीं होतीं.

जेथें कोणतेंच यंत्र नव्हतें, तेथें भिंतीच साक्ष देतात. पूर ओसरल्यावर आपल्या नदीकांठच्या घरांच्या भिंतींवर चिखलाची रेघ राहते, ती तुम्हीं पाहिली असेल. तशाच रेघा शोधीत खात्याचीं माणसें गांवोगांव फिरतात. गवताचें बीं, काडीकचरा, चिखल भिंतीला कोठवर चिकटला आहे हें तीं पाहतात. घराबाहेरील रेघ लाटांच्या उसळीनें वर गेलेली असूं शकते. म्हणून बंद खोलींतील, कपाटाच्या आंतील रेघ अधिक विश्वासाची मानितात. तेथें खूण करून, तारीख घालून, मोजणीच्या साधनांनीं तिची उंची ठराविक पातळीपासून काढतात. हें काम तातडीचें असतें. एक पाऊस पडला, किंवा घरधन्यानें बिचाऱ्यानें भिंत धुतली, कीं साक्षीदार कायमचा गेला. सँडीनंतर अशा ९५० हून अधिक खुणा मोजल्या गेल्या. पास क्रिश्चनचा तो २७.८ फुटांचा आकडाहि एका अशाच खुणेनें दिलेला आहे.

मापापासून सूचनेपर्यंत

झालेलें पाणी मोजून येणारें पाणी कसें कळेल? त्यासाठीं प्रथम वादळाची प्रकृति कळली पाहिजे. ता. २७ जुलै १९४३ रोजीं जोसेफ डकवर्थ ह्या अमेरिकन वैमानिकानें टेक्सासमध्यें, गॅल्व्हेस्टनच्याच बाजूस आलेल्या हरिकेनच्या मध्यभागीं आपलें एक-इंजिनी विमान नेलें व सुखरूप परत आणलें. आज हें नित्याचें काम झालें आहे. विमानांतून लहान छत्री लावलेलीं यंत्रें खालीं सोडतात. तीं समुद्रापर्यंत उतरतांना दाब, वारा, उष्णता व ओलावा कळवीत जातात.

ही माहिती गणकयंत्रांतील 'स्लॉश' नांवाच्या गणिताला पुरवितात. त्यांत किनारा, खाड्या, बांध, रस्ते व समुद्रतळाची खोली ह्यांचा जाळीदार नकाशा असतो. वादळ ह्या वाटेनें गेलें तर किती पाणी, थोडें डावीकडून गेलें तर किती, हळू आलें तर किती, अशीं अनेक उदाहरणें सोडवून कोणत्या गांवाला किती फुटांचा धोका आहे हें सांगतात. आणि हें गणित बरोबर आहे कीं नाहीं, हें कशावरून ठरवितात? पुलाच्या खांबाला बांधलेल्या त्या नळीवरून, आणि कपाटांतल्या त्या चिखलाच्या रेघेवरून. मागील वादळाची खरी मोजणी हीच पुढील वादळाच्या गणिताची कसोटी होय. २०१७ सालापासून त्या देशांत वादळी उधाणाचा स्वतंत्र इशारा देण्यांत येतो. तो 'जमिनीवर इतके फूट पाणी' अशा, कोणासहि समजेल अशा भाषेंत असतो.

पण इशारा ऐकणें हें माणसाच्या हातीं आहे. ता. २८ सप्टेंबर २०२२ रोजीं फ्लोरिडाच्या फोर्ट मायर्स बीच येथें इयन नांवाच्या हरिकेननें जमिनीवर दहा ते पंधरा फूट पाणी आणलें. उधाणाचा इशारा दिलेला होता. तरी पुष्कळ लोक घरींच राहिले. त्या वादळांत एकट्या उधाणानें ४१ जणांचा बळी घेतला.

गॅल्व्हेस्टनचे लोक मात्र शिकले. १९०० च्या पाण्याची उंची ध्यानांत घेऊन त्यांनीं १९०४ पर्यंत सतरा फूट उंचीची व तीन मैलांहून लांब भिंत बांधली. दोन हजारांहून अधिक इमारती जागच्या जागीं उचलून, खालीं वाळूचा भराव घालून, त्यांनीं शहराची जमीनच उंच केली. १९१५ सालीं तसेंच दुसरें मोठें वादळ आलें. भिंत उभी राहिली, व १९०० च्या मानानें शहरांतील प्राणहानि फारच थोडी झाली.

मुलांनो, ही गोष्ट परक्या देशाची असली, तरी समुद्र आपल्याहि दारीं आहे. ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें, तें पाहिलेले लोक आपल्यांत आहेत. तेव्हां ह्या सुट्टींत एक काम करा. आपल्या गांवांत समुद्राचें किंवा नदीचें पाणी सर्वांत वर कोठवर आलें होतें, हें घरांतील वडील माणसांना विचारा. कोठें जुनी खूण असेल, तर ती जमिनीपासून किती उंच आहे हें मोजा, आणि ठिकाण व तारीख घालून वहींत लिहून ठेवा. "माझ्या आठवणींत इतकें पाणी कधीं आलें नव्हतें," असें पाणी आल्यावर सगळेच म्हणतात. ज्याच्या वहींत आकडा आहे, त्याला तें पाणी येण्यापूर्वीं शेजाऱ्याला सावध करितां येईल.